सुखदेवचा ट्रेबल

बुलढाण्याच्या दवाखान्यात सुखदेव इंगळेला मी शेवटचा पाहिला, तेव्हा तो प्रत्येक प्रश्नाला होकार देत होता. मास्क लावलेली नर्स विचारत होती, "काका, छातीत दुखतंय का?" "हाव." "आता बरं वाटतंय?" "हाव." "मळमळतंय?" "हाव, हाव." म्हातारा गमत्या आहे असं वाटून ती माझ्याकडे पाहून हसली. मला हसू आलं नाही. सुखदेव गेली काही वर्षं माणसांच्या ओठांवरून ऐकत होता आणि इथे सगळ्यांचे ओठ झाकलेले... शेवटी त्याला दिलेली शपथ मोडून मी तिला खरं सांगितलं. तिने मास्क खाली केला, सगळे प्रश्न पुन्हा विचारले आणि या वेळी त्यातल्या दोनांना त्याने नाही म्हटलं. त्याच आठवड्यात तो गेला. आता महिना उलटला, तरी तो आधीचा शहाण्यासारखा होकार माझी पाठ सोडत नाही.

अमडापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी बुलढाण्याच्या कॉलेजात ग्रंथपाल झालो आणि तो स्वतःला साउंड इंजिनियर म्हणवू लागला. नम्रपणा त्याला कधी चिकटला नाही. "तू पुस्तकं सांभाळतं बे, वाचते कोन? माहं तर झोपलेला मानूसही ऐकते," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि ते नाकारणं अवघड होतं. त्याच्या दुकानाच्या पत्र्यावर भोंगे धोतऱ्याच्या फुलांसारखे उमललेले असत. भोंग्यातून बातमी, कॉलममधून भाषण आणि पेटीतून गाणं, हा त्याचा कायदा. भोंग्याच्या नरड्याशी छोटासा पडदा थरथरतो आणि पुढचा पत्रा तो आवाज शिवारापलीकडे फेकतो. पण जाड सूर वाटेत गळतात, त्यामुळे भोंग्यातून बोलणारा प्रत्येक माणूस पडसं झाल्यासारखा वाटतो. मयताची खबर द्यायला ते ठीक, गाण्याला नाही. गाण्याला लाकडी पेटी हवी, ढोलकीसाठी कागदाचा मोठा कोन आणि झांजेसाठी वाटीएवढा ट्वीटर असलेली. कॉलम म्हणजे एकावर एक स्पीकर बसवलेलं उंच खोकं. ते उभं ठेवलं तर आवाज दोन्ही बाजूंना पसरतो आणि मांडवाच्या छताकडे वाया जात नाही.

पण उभा कॉलम फ्लेक्सवरच्या साहेबांचा अर्धा चेहरा झाकतो. अशाच एका सत्कारात कार्यकर्त्यांनी दोन्ही कॉलम व्यासपीठापुढे आडवे निजवले. सुखदेव थोडा वेळ भांडला, मग खुर्ची ओढून बसला. "चेहरा दिसला पायजे म्हनतात, तर दिसू दे. ऐकाले कोन आलं हाये?" आडव्या कॉलमचा आवाज मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गेला आणि उरलेला मांडवाच्या कापडात. दोन्ही कडेच्या लोकांना अक्षर कळलं नाही; मधल्यांनी टाळ्या वाजवल्या की तेही वाजवत. सभा संपल्यावर सर्वांत समाधानी मला तेच दिसले.

पुढे वरातींना डीजे लागू लागला, तेव्हा सुखदेवने हळहळ वगैरे व्यक्त केली नाही. कपाटाएवढ्या पेट्या आणल्या आणि गाडीपुढे उलटा चालत तो त्या वाजवू लागला. खिडक्यांची तावदानं थरथरली की त्याची छाती फुगायची. अशी बरीच वर्षं गेली. मग तो फार बोलू लागला. समोरच्याला तोंडच उघडू देईना. याच्या डोक्यात हवा गेली, असं गाव म्हणालं आणि मलाही तसंच वाटलं. पण फोनवर "कसा आहेस?" विचारलं की तो "घरीच हाये" म्हणायचा, तेव्हा मी त्याला ओढून कानाच्या डॉक्टरकडे नेला. तपासणीचा आलेख हातात आला. डावीकडे सरळ चाललेली रेघ उजवीकडे घाटासारखी कोसळली होती. डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच सुखदेव म्हणाला, "ट्रेबल गेला बे माहा. बेस शाबूत हाये." म्हणजे ढोल ऐकू येणार, स, श, त ही अक्षरं, बायकांचे आणि लेकरांचे आवाज हळूहळू पुसले जाणार.

कानात घालायचं मशीन त्याने वापरून पाहायला घरी नेलं आणि लगेच परत केलं. कारण विचारलं तर चिडला. "मटकीएवढा स्पीकर, त्यात बेस कुठून येईन? कौसल्या चहा घ्या म्हने, तर वाटे घरात बाई अनाउन्समेंट करून राह्यली." कौसल्यावहिनी शेजारीच होत्या. "मंग नका ऐकू," त्या एवढंच म्हणाल्या. मला मात्र त्याने बजावलं, "कोनाले सांगशील त् पाह्य! साउंडवाला बहिरा हाये म्हनतीन. मंग मशीनवर कोन बसू देईन मले? बसलो नाई त् मी करू काय?" मी शपथ घेतली.

तेव्हापासून त्याच्या प्रत्येक कार्यक्रमात मी जीव मुठीत धरून बसायचो. माईकने स्वतःच्याच स्पीकरचा आवाज पकडला की शिट्टी सुटते, कान चिरणारी, बारीक. नेमका तोच सूर त्याच्यासाठी मेलेला. तरी शिट्टी सुटायचा अवकाश, सुखदेवचा हात बटनावर गेलेला असायचा. "कसं कळतं तुला?" मी विचारायचो. "इंजिनियर उगाच हाये काय बे?" मशीनवरचे लाल दिवे पाहत असेल, अशी मी माझी समजूत घातली.

त्याच्या पुण्यानुमोदनाला दुसऱ्या गावचा साउंडवाला आला होता. बुद्धवंदना झाली, मग भाषणं. हयातीत त्याला 'ए भोंगेवाल्या' म्हणणाऱ्यांनी 'ध्वनिक्षेत्रातील तारा' म्हटलं. मध्येच माईकने शिट्टी मारली. पुढच्या रांगेत बसलेल्या कौसल्यावहिनींनी पटकन डोक्यावर पदर ओढला. शिट्टी थांबेना. त्यांनी पदर खाली सोडून पुन्हा ओढला, जरा जोरात, आणि मशीनकडे पाहिलं. तो साउंडवाला मोबाइलमध्ये होता.

परवा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या पदराचं विचारलं. "खूण होती भाऊजी," त्या म्हणाल्या. "शिट्टी वाजली का मी पदर घ्यायची. थे बोलनाऱ्याकडं कधी पाह्यतच नव्हते, माह्याकडं पाहत. बाया हसायच्या मले, इले भाषनाचा लय शोक हाये म्हने. एक भाषन कळलं असन त् शपथ! सारं ध्यान शिट्टीवर." मग म्हणाल्या, "घरात माहं बोलनं त्याइले कळेना, भाऊजी. मांडवात तेवढं कळे..."

आत सुनेने लावलेल्या कुकरची शिट्टी झाली. वहिनींचा हात पदराकडे गेला. त्या समोरच्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. तिथे जुन्या लुगड्याखाली झाकलेलं सुखदेवचं साउंडचं मशीन होतं. कुकर पुन्हा वाजला, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.