नानांसाठी निवडलेली उशी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदूरहून जळगावला येणाऱ्या बसमध्ये मानेला उशी लावून चांगला घोरत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, सरळ धुळ्याला या." त्याला आता दीड महिना झाला. थोरल्या भावाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसतो आणि दर वेळी एका उशीपाशी येऊन अडतो... तेव्हा आता तेच लिहितो.

नानांची उमेदीची सगळी वर्षं दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात गेली. तीस वर्षं कापसाची धूळ छातीत साठली आणि निवृत्तीनंतर तिनं डोकं वर काढलं. तपासणीसाठी दर महिन्याला धुळ्याहून मुंबईला जावं लागे. मागं रेललं की दम लागायचा, म्हणून ताठ बसून प्रवास. डुलकी लागली की मान खांद्यावर कोसळायची. वहिनींना बस लागते, त्यामुळे ते एकटेच जात. "पुढच्या खेपेला मी येतो, नाना," असं मी दर महिन्याला म्हणायचो. बियाणांच्या कंपनीत माझी फिरतीची नोकरी, महिन्यातले पंधरा दिवस मी बसमध्येच असतो, पण त्यांच्या बसमध्ये कधी बसलो नाही. त्याऐवजी म्हणालो, चला, तुम्हाला मानेची उशी घेऊन देतो.

धुळ्यातल्या एका बॅगांच्या दुकानात गेलो. नानांनी आपण होऊन एक जाड, भरीव उशी उचलली, गळ्यात घातली आणि तिथल्याच स्टुलावर डोळे मिटून बसले. चांगली दोन मिनिटं बसले. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हणालो, "नाना, काढा ते. बैलाच्या मानेवर जू ठेवल्यासारखं दिसतंय." दुकानदार शेठ हसले. नानाही हसले आणि त्यांनी ती काढून ठेवली. मग माझं व्याख्यान सुरू झालं. उशी हवेचीच घ्यावी, वजन नाही, घडी करून खिशात जाते, आम्ही फिरतीवाले हीच वापरतो, वगैरे. शेठनी चार फुंका मारून फुगवून दाखवली. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ज्याला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं त्याला मी फुंकायची वस्तू देत होतो, आणि मला ते सुचलंसुद्धा नाही. नानांना दिसलं असणार. ते म्हणाले, "तू म्हणशीन ती. तुले जास्ती समजस."

पुढे वर्षभर ते मुंबईच्या बसमध्ये असले की मी त्यांना फोन करायचो. उशी लावली का? "लावेल शे. एक नंबर शे." मी खूश. सोबत न गेल्याची बोच त्या उशीनं मिटवून टाकली होती मी, दुसरं काय.

गेल्या रविवारी धुळ्याला गेलो तेव्हा बोलता बोलता वहिनींच्या तोंडून निघालं. "ते कुठले फुंकतात, भाऊजी. दोन फुंका मारल्या की खोकल्याची उबळ यायची. मीच घरून फुगवून द्यायची. गळ्यात घालूनच स्टँडवर जायचे, गल्लीतले लोक हसायचे." संध्याकाळपर्यंत हवा उतरायची. परतीच्या वाटेवर एकदा त्यांनी शेजारच्या प्रवाशाला फुगवून द्यायची विनंती केली. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढे खोकताय..." आणि खिडकीकडे तोंड करून बसला. त्यानंतर नानांनी कुणालाच विचारलं नाही. रिकामी उशी पिशवीत आणि मान हातावर, असे ते घरी यायचे. "मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "नको म्हणाले. हौसेनं निवडलीय त्यानं, वाईट वाटेल त्याला."

मला मान वर करता येईना. एकदा, फक्त एकदा सोबत गेलो असतो तरी परतीच्या पहिल्याच थांब्यावर कळलं असतं. त्या खिडकीवाल्या प्रवाशाचा मात्र मला भयंकर राग आला. कसली माणसं असतात, असं मी बोलूनही दाखवलं.

वहिनींनी कपाटातून उशी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुमच्या फिरतीला होईल. फुगवून बघा एकदा, कुठून गळत तर नाही ना."

मी बूच उघडलं. आणि तोंड लावायच्या आधी शर्टाच्या बाहीनं ती तोटी पुसली. नीट, गोल फिरवून, दोनदा पुसली. वहिनी समोरच उभ्या होत्या. चहा टाकते म्हणून त्या आत गेल्या.