चादरी धुणाऱ्या चौघी आणि दोन ओळी

माथेरानच्या एका हॉटेलात मी चादरी धुवायला होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दहावी नापास, वय एकोणीस…

आम्ही चौघी होतो. मी, माझी द्रुपदाकाकू आणि यमुना कर्जतकडच्या बौद्धवाडीतल्या. हिरा डोंगरातल्या ठाकरांच्या वाडीवरची.

दुपारी चादरी वाळत घातल्या की मी एक खेळ लावायची. प्रत्येकीने मनातलं दोन ओळींत जुळवून म्हणायचं. 'वा वा' करायचं नाही… बाकीच्यांपैकी एकीने फक्त एक प्रश्न विचारायचा.

हिरा एकदा म्हणाली, "दमले म्हणाया येळ नाय, टावेल अजून वाळला नाय."

यमुनाने विचारलं, "तुला कोण इचारतं गं, दमलीस का?" हिरा एकदम रडली. तेव्हापासून त्याला खेळ म्हणणं आम्ही सोडलं.

चहाचं मात्र असं होतं… हिराचा कप स्वयंपाकघरात, बाकी कामगारांसोबत. आमचे तिघींचे बाहेर, खिडकीच्या फळीवर.

एका दुपारी काकू म्हणाली,

"माझ्या हातची चादर चालते, उशी चालते उशाला,
माझ्या ओठाचा कप तेवढा येगळा ठेवलाय कशाला?"

प्रश्न हिराने विचारला, "मंग तुमी पिता कशाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी चहा घेतला नाही. हिरा आत गेली, स्वतःचा कप घेऊन आली आणि आमच्या कपांशेजारी पालथा घातला. "मला बी नको."

स्वयंपाक्याने चुगली केली. मॅनेजर तणतणत आला, "कविता करता काय? कुठंय तो कागद?"

काकूने पदर खोचला. "कागद नाय सायेब. तोंडपाठ हाय. म्हणू?"

आणि म्हणाली… व्हरांड्यातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ती थांबली तशी मी त्याच दोन ओळी म्हटल्या. मग यमुनाने, मग हिराने.

चहा सोडल्याच्या पाचव्या दिवशी सगळे कप एकाच ट्रेमधून आले. माफी कोणी मागितली नाही. पुढच्या सीझनला मला कामावर बोलावलंही नाही.

आई रडली, चांगलं काम घालवलंस म्हणून. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही… पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

हिरा, तुझं काहीच अडलं नव्हतं गं. तरी उठलीस. कुठे असशील तिथे… तुझे उपकार विसरले नाही.