जोगळेकरांची मॅनिटोबातली लेक

काम असलं की किस्से घडतात आणि विसरले जातात. काम नसलं की साठत जातात! दोन हजार आठच्या मंदीत दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात इतके साठले की मला ते आजही पुरतात.

आमची कंपनी वाळवंटातल्या टाउनशिपसाठी कृत्रिम तलाव डिझाइन करायची. मंदी आली तेव्हा खड्डे खणून झाले होते. पाणी यायचं राहिलं होतं.

आमचे सीनियर इंजिनियर जोगळेकर, मूळचे साताऱ्याचे. त्यांच्या सहा वर्षांच्या अनयनं एकदा जेवताना विचारलं, "बाबा, डज एनी ऑफ युअर लेक्स हॅव वॉटर?"

जोगळेकरांना ते फार लागलं. त्यांचा मेहुणा कॅनडात, मॅनिटोबाच्या प्रेअरीत राहतो. तिथं मोठा तलाव, काठाला लाकडी घर. "उन्हाळ्यात तुला पाणी असलेलं लेक दाखवतो. प्रॉमिस!" जोगळेकर बोलून बसले.

*

ऑफिसात दुसरं काम नव्हतंच. त्यांनी सुट्टीचा बार चार्ट काढला. रिव्हिजन सात! त्यात 'अनयचं पोहणं' हे 'टेस्टिंग अँड कमिशनिंग' या शेवटच्या टप्प्यात टाकलं होतं आणि 'बायकोशी भांडण' यासाठी दोन दिवस राखीव होते.

मी म्हटलं, "दोनच?"

"मेहुणा समोर असेल हो," जोगळेकर म्हणाले.

*

साइटवरचे फोरमन शिंदेकाका गुहागरचे. त्यांनी विचारलं, "ह्या प्रेअरीत असतं काय?"

"सपाट जमीन. नजर जाईल तिथवर गवत."

"डोंगर?"

"नाही."

"समुद्र?"

"नाही."

"मग इतक्या लांब कशाला जाताय? आपल्याच साइटवर गवत पेरू की!"

*

मंदीत रजा मागणं म्हणजे धाडस होतं. परत येईपर्यंत खुर्ची राहील याचा भरवसा नव्हता. जोगळेकर धीर करून मॅनेजर हानीसाहेबांकडे गेले. हानीसाहेब इजिप्तचे.

"सर, फिफ्टीन डेज लीव्ह. गोइंग टू प्रेअरी."

"प्रेअर?" हानीसाहेब उभेच राहिले. "होल फॅमिली? फिफ्टीन डेज प्रेअर?"

जोगळेकर तोंड उघडणार, तेवढ्यात सही झाली. "माशाल्ला! प्रे फॉर द कंपनी ऑल्सो, हबीबी!"

दुपारपर्यंत बातमी ऑफिसभर पसरली. ड्रायव्हरपासून अकाउंटंटपर्यंत सगळे येऊन सांगून गेले, "जोगळेकरसाब, हमारी नौकरी के लिए भी दुआ करना." जोगळेकरांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली. काय करणार बिचारे!

*

मग त्यांनी रास अल खोरच्या एका गोदामातून तीन लाइफ जॅकेटं आणली आणि एका शुक्रवारी बायकोला आणि अनयला घेऊन आमच्या चार नंबरच्या तलावावर गेले. रंगीत तालीम! कोरड्या खड्ड्यात तिघं जॅकेटं घालून उतरली. जोगळेकर हात मारून दाखवत होते.

वरून वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला. "सर, बाहर आओ! स्विमिंग अलाउड नहीं है!"

तशी पाटीच होती तिथं. पाण्याच्या आधी पाटी बसवून झाली होती.

*

रात्री जोगळेकरांनी साताऱ्याला फोन लावला. "आई, यंदा लेक नक्की बरं का!"

पलीकडून हुंदका आला. "देवानं ऐकलं रे बाबा! अनयच्या पाठीवर लेकच हवी होती मला!"

आई इतक्या आनंदानं रडत होत्या की खरं सांगायची जोगळेकरांची छाती झाली नाही. पंधरा दिवसांत कुणाबरोबर तरी जुन्या नऊवारीचं मऊ दुपटं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी आली. लोणचं आम्ही ऑफिसात संपवलं. वैदेहीवहिनी आठवडाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर दर रविवारी आई विचारायच्या, "सगळं ठीक आहे ना रे?"

"हो आई. प्लॅनिंग चालू आहे."

*

आणि मार्चमध्ये वहिनींना खरंच दिवस गेले! डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. रिव्हिजन सात केराच्या टोपलीत.

जोगळेकर रजा रद्द करायला गेले आणि कारण सांगितलं. हानीसाहेबांनी त्यांना मिठीच मारली. "यू डिडन्ट इव्हन गो! खलास, प्रेअर ॲक्सेप्टेड!"

पण अनयला कोण सांगणार? दिलेला शब्द मोडायचा म्हणून जोगळेकर रोज उद्यावर ढकलत होते. शेवटी अनयनं फोनवर आजीला कॅनडाला जायचं सांगितलं, तेव्हा तिनंच परस्पर सांगून टाकलं, "अरे, कॅनडाला कशाला जायचं? लेक आपल्याच घरी येणार आहे!"

पोरगं एकदम खूश. एकदाही कुरकुरलं नाही. जोगळेकरांना वाटलं, पोरगं शहाणं झालं.

*

डिसेंबरात मुलगी झाली. मी आणि जोगळेकर हॉस्पिटलच्या खोलीत होतो. शिंदेकाका अनयला घेऊन आले. दारातच आम्ही बघत राहिलो. त्यानं लाइफ जॅकेट घातलं होतं.

"ये ये," जोगळेकर म्हणाले. "बघ, आपली लेक!"

अनय पाळण्यापाशी गेला, टाचा उंचावून त्यानं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जोगळेकरांकडे वळला. डोळे भरून आले होते.

"बाबा, यू प्रॉमिस्ड. व्हेअर इज द वॉटर?"

जोगळेकरांनी बाळाला उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

अनयनं ओल्या झालेल्या जॅकेटकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"बाबा! इट्स वॉर्म!"