शुक्रवारची खुर्ची

निजामाच्या राज्यात, जुन्या जालन्यातल्या जनाना दवाखान्यात मी नर्स होते. आमच्या डॉक्टरबाई निवृत्तीला आल्या होत्या. नवी डॉक्टर येईल, तिची बदलीही होईल. दवाखाना सांभाळायला माणूस इथलंच तयार व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी एक रीत काढली. दर शुक्रवारी आम्हा नर्सांपैकी एकीनं त्यांच्या खुर्चीत बसायचं आणि बाईंनी बाहेर, बायाबापड्यांच्या बाकावर. त्या दिवशी हुकूम खुर्चीचा, आणि तो बाईंनाही लागू.

ऐकायला झकास. प्रत्यक्षात खुर्चीत बसलेली प्रत्येकजण आधी बाकाकडं बघायची, बाईंची मान हलली की मगच तोंड उघडायची. वैतागून बाईंनी बाक खांबाआड सरकवला, तर आम्ही खुर्ची सरकवली. मी त्यात सगळ्यांच्या पुढं.

अशाच एका माझ्या शुक्रवारी परतूरकडची एक अडलेली बाळंतीण सकाळच्या गाडीनं आली. सोबत सासू. मूल पायाळू होतं. अशी बाळंतपणं बाईच करायच्या. आम्ही नुसत्या मदतीला. बाई बाकावरून उठल्या, पदर खोचला आणि खोलीकडं निघाल्या. तेवढ्यात त्यांच्या बोटाची चिंधी मला दिसली. नखुरडं झालं होतं, आणि ते पिकलं होतं. रबरी हातमोजे हैद्राबादेहून यायचे, म्हणजे बहुधा यायचेच नाहीत. पिकलेलं बोट बाळंतिणीला लागलं तर तिला ताप भरतो आणि ती हातची जाते, हे बाईंनीच आमच्याकडून घोकून घेतलं होतं.

"बाई, तुम्ही आत जायचं न्हाई," मी म्हणाले.

"मंग कोण जाणार? तू?"

"हो."

सासूनं कपाळावर हात मारला. "आवं, मोठ्या बाईला जाऊ द्या की! माझ्या सुनंचा जीव चाललाय अन् तुमचं हे काय चालू राह्यलंय?" तिचं काय चुकलं? तिच्या जागी मीही तेच म्हणाले असते.

बाई उंबऱ्यावरच थांबल्या. मी कोपरापर्यंत हात धुऊन आत गेले. पाय आले, धड आलं, हात सुटले आणि डोकं अडलं. तिथं मात्र मी लाज गुंडाळून ठेवली. "बाई, सांगा, काय करू?"

"ओढू नको. बिलकुल ओढू नको. धड खाली लोंबू दे. मान दिसली की पाय धर अन् हळू वर घे."

मुलगी झाली. रडायला तिनं अंमळ वेळ लावला, पण रडली ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मुलगी म्हणून सासूनं नाक मुरडलं आणि नात मात्र हातातून सोडीना.

व्हरांड्यात आल्यावर मला राग आला. आम्हाला शिकवायला कुणाचा जीव टांगणीला लावायचा?

"बोटाचं तुम्हाला ठाऊक होतं, बाई. माझी परीक्षा घेत होतात ना?"

बाई बाकावर बसल्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"परीक्षा कसली गं? मी खरंच आत चालल्ते. अडलेली बाई दिसली, दुसरं काही सुचलंच न्हाई. तू अडवलं नसतंस तर आठ दिवसांत ती तापानं गेली असती, अन् आपण दोघी म्हणालो असतो, देवाची मर्जी."