साडूंची उघडी खिडकी

मराठवाड्यातला उन्हाळा सगळ्यांना छळतो, आमच्या साडूंना मात्र तो मानवतो, आणि याबद्दल मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही. बजाजनगरच्या दोन खोल्यांत हा माणूस दिसेल ते ओलं करत असतो. माठाला ओलं पोतं, दुधाच्या पातेल्याला ओलं फडकं, स्वतःच्या डोक्यावर ओला पंचा, आणि एकदा तर उन्हात लावलेल्या माझ्या स्कूटरच्या सीटवरही ओलं गोणपाट! मी काही विचारायच्या आत उत्तर तयार: "पाणी उडताना गरमी संगं घेऊन जातंय, साडूभाऊ. त्याला फकस्त जायला वाट पाह्यजे." माझी पँट भिजली, पण सीट गार होती, हे कबूल करावं लागतं.

एवढ्यावर मी जळलो नसतो. पण पाचोडचे आमचे सासरे, म्हणजे आमचे मामा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात आले आणि माझं घर मोठं असूनही राहिले साडूंकडे, त्यांच्या पत्र्याच्या जुन्या कूलरसमोर. नोकरीनं वरचढ मी, आणि मामांच्या तोंडी सारखं त्यांचं नाव! इरेला पेटून मी दुप्पट मोठा कूलर आणला, दोन आठवड्यांनी मामांना घरी आणलं आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या. तासाभरात घरातले पापड सादळले आणि मामांचा सदरा पाठीला चिकटला. "जावईबापू, राग नका मानू," ते म्हणाले, "पण लई उकडायलंय. मला तिकडंच सोडा."

त्यांना न्यायला साडू आले. त्यांनी खोलीतली हवा हुंगली, कूलरची पाठ एका खिडकीला लावली आणि समोरची खिडकी सताड उघडली. "हवेचं पोट पाण्यानं भरलंय. ती आणिक कुठून पिणार? तिला जाऊ द्या, कोरडी येऊ द्या." मग मामांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कूलर मात्र माझ्यापेक्षा भारी हाय." दहा मिनिटांत मामा घोरू लागले.

मामा माझ्याकडेच राहिले. मी जिंकलो होतो, म्हणून एका दुपारी मिरवायला बजाजनगरला गेलो. कूलरसमोर मामांची बाज तशीच अंथरलेली होती. उशाशी त्यांचा छोटा माठ, आणि त्याचं पोतं नुकतंच भिजवलेलं.

"मामा येणार आहेत का इकडं?" मी विचारलं.

"नाय. सवय लागली," साडू म्हणाले. "मला माझा बाप आठवत नाय, साडूभाऊ. दोन आठवडे घरात बाप होता."

घरी येऊन मामांना म्हणालो, "चला, थोडे दिवस तिकडं राहून या." ते इतक्या चटकन चपला शोधू लागले, की माझ्या पोटात पुन्हा दुखलं.