पाट्यावर घासलेल्या पटाश्या

मी कमी बोलतो. घरात याला शांत स्वभाव म्हणतात आणि मीही ते खोडून काढत नाही. खरं सांगायचं तर मी गप्प असतो तेव्हा बऱ्याचदा काहीतरी लपवत असतो.

अंबडच्या कंपनीतून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि घरात बसलो. बायको शाळेत शिकवते. ती सकाळी निघाली की दुपारपर्यंत घर माझं. त्या वेळात मी मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघू लागलो. त्यातला एक दाढीवाला माणूस पटाशीने लाकडाचा असा पातळ पापुद्रा काढायचा, की कांद्याची सालच वाटावी. आपल्यालाही हे जमेल असं मला वाटायला लागलं. यंत्र नको, सगळं हातानेच. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये यंत्र लावलं तर सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून वर येतात, हेही एक कारण होतंच.

भद्रकालीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "पटाशी द्या."

"किती इंची, मिस्त्री?"

मिस्त्री! इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं. खुशीत येऊन मी बारीक, मध्यम, रुंद अशा चार घेतल्या. पुडकं हातात देताना दुकानदाराने माझे तळहात पाहिले असावेत, कारण तो म्हणाला, "साहेब, नवी पटाशी म्हणजे नुसती पट्टी. धार तुम्हालाच काढावी लागंल. दगड हाय ना घरी?"

एवढ्यात मिस्त्रीचा साहेब झाला होता. "हाय की," म्हणून मी तडक निघालो.

घरी धारेचा दगड नव्हता. बायकोचा पाटा होता. तिच्या माहेराहून, नामपूरहून आलेला, काळाभोर. आमच्याकडे मिक्सर आहे, पण ठेचा आणि पुरण ती पाट्यावरच वाटते. मोबाइलमधला दाढीवाला सांगत होता, की पटाशीची पाठ आधी सपाट करा, मग पुढचा उतार एकाच कोनात घासा, आणि त्यासाठी दगड मोठा, सपाट घ्या. मी मान वळवून स्वयंपाकघरात बघितलं. पाटा भिंतीला टेकून उभा होता. मोठा आणि सपाट.

काय मजा यायची म्हणून सांगू! पाटा आडवा करायचा, पाणी शिंपडायचं, दोन बोटांनी पटाशी दाबून धरायची आणि खर्र खर्र सुरू. राखाडी चिखल व्हायचा. उताराच्या कडेला चांदीसारखी रेघ उमटायची. मग कोन चुकायचा, रेघ वाकडी व्हायची, पुन्हा पहिल्यापासून. बायको यायच्या आत पाटा धुऊन, पुसून होता तसा उभा करायचो. चोरसुद्धा एवढी स्वच्छता ठेवत नसेल.

धार तपासायची ती हातावरचे केस कापून, असं दाढीवाल्याने सांगितलं होतं. मी डाव्या हातावर रोज तपासायचो.

"अहो, हा हात असा सोललेल्या कोंबडीसारखा काय दिसतोय?" बायकोने एकदा विचारलं.

"ऊन लागलं असेल," मी म्हणालो.

महिना असाच गेला. लाकडाला मी अजून हात लावला नव्हता.

पाट्याला टाकी लावलेली असते हे मलाही ठाऊक होतं. छिन्नीने ठोकून पाडलेले ते बारीक खड्डे असतात, त्यांत अडकते म्हणून तर मिरची वाटली जाते. पण माझ्या डोक्यात पाटा आणि पटाशी ही दोन वेगळी खाती होती. एका रविवारी बायको ठेचा करायला बसली आणि वरवंटा सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला. मिरच्या, लसूण नुसतेच पुढे सरकत होते.

"हातात जोरच राहिला नाही हो," ती म्हणाली. मग मनगट दाबत हळूच म्हणाली, "आईचंही असंच सुरू झालं होतं."

सासूबाईंचे हात शेवटी इतके गेले होते, की पाण्याचा पेलाही दुसऱ्याने धरावा लागे. बायकोने ते सगळं केलं होतं. ती कशाला घाबरली आहे ते मला कळलं. खिडकीतून आलेल्या उन्हात पाटा चकचकत होता, तेही दिसलं. सगळं एका क्षणात ध्यानात आलं आणि मी तोंड उघडलं.

"मलम लावू का?" मी विचारलं.

लावलंही. रोज लावत राहिलो. धडधाकट मनगटाला मी प्रेमाने मलम चोळत होतो. ती मनगटाला पट्टा बांधून शाळेत जाऊ लागली, फळ्यावर मुलांना लिहायला सांगू लागली. मी कुकर उचलायचो, बरण्यांची झाकणं उघडून द्यायचो. त्यामुळे तिला आपलं दुखणं आणखीच खरं वाटायला लागलं. सांगितलं असतं तर ती ओरडली असती, यापलीकडे काय झालं असतं? पण पहिल्या दिवशी राहिलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगायची, तर कालचा दिवस गप्प का बसलात, हेही सांगावं लागतं.

शेवटी तिने पाटा माहेरी परत द्यायचं ठरवलं. "माझ्याच्याने होत नाही आता. वहिनी तरी वापरेल." तिचा भाऊ कामासाठी नाशिकला आला होता, तो जीपमधून नेणार होता.

"दाजी, धरा तिकडून. एकट्याला नाय झेपायचा," मेहुणा म्हणाला.

मी वाकलो. बायको ओढणीच्या टोकाने पाटा पुसत होती. खूप वेळ पुसत होती.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"काय?"

"पाटा मी गुळगुळीत केला. पटाश्या घासून. महिनाभर."

मेहुण्याने पाट्यावरून तळवा फिरवला. "आयला, दाजी! मी म्हणतोय पाटा हाय का आरसा! ह्याच्यात बघून दाढी करा की."

"दाढी कशाला? हात भादरलाय त्यांनी," बायको म्हणाली. तिला उन्हाचा उलगडा झाला होता. पण ती हसली नाही. तिने पट्टा सोडला, मनगट फिरवून पाहिलं, मग लोणच्याची बरणी घेतली आणि झाकण एका झटक्यात उघडलं. तशीच बरणी धरून ती खुर्चीवर बसली.

"मला वाटलं, माझं आईसारखं होणार."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं, आणि मलम लावत होतात?"

"हो."

मेहुणा कधी बाहेर जीपपाशी जाऊन उभा राहिला ते कळलंच नाही.

दुपारी आम्ही दोघांनी पाटा देवळाली कॅम्पच्या रस्त्याला बसणाऱ्या पाथरवटाकडे नेला आणि टाकी लावून घरी आणला. नव्या टाकीच्या पाट्यातून दगडाची कच निघते. म्हणून आधी तांदळाची कणी वाटून टाकून द्यायची, कच निघायची थांबेपर्यंत. बायकोने माझ्यापुढे कणीचं ताट सरकवलं.

"वाटा."

ती आतल्या खोलीत वह्या तपासायला गेली. मी वाटत राहिलो. खांदे भरून आले, मनगट ठणकायला लागलं. मलम कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं, पण मागायची छाती झाली नाही. थोड्या वेळाने ती आली, चिमूटभर पीठ जिभेवर घेतलं, दातांत फिरवलं आणि बेसिनमध्ये थुंकली.

"कच आहे अजून," म्हणाली, आणि आणखी एक ओंजळ कणी पाट्यावर टाकली.