माधवराव आणि सारनाथचा रस्ता

पत्ता विचारणाऱ्याला माधवराव नुसता हात करून रस्ता दाखवत नसत; त्याच्याबरोबर चालू लागत. पंचगंगा घाट विचारणारं कुणी भेटलं की आमचं बोलणं अर्ध्यावर टाकून म्हणायचे, "गल्लीत तीन मोड आहेत, हरवाल. चला, पोहोचवतो." परत यायला त्यांना अर्धा तास लागे. रामघाटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घर त्यांचं. बोलण्यात निम्मी हिंदी. बँकेत ते क्लार्क होते आणि मी साताऱ्याहून तिकडे उत्तरेत बदलून आलेला त्यांचा मॅनेजर.

नवी गाडी घेतली तेव्हा एका रविवारी मी त्यांना सारनाथला नेलं. परतताना रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या यात्रेकरूला माझ्या गाडीचा आरसा लागला. मागे पाहिलं तर ते पडलेले आणि लोक धावत येत होते. मी वेग वाढवला.

"साहेब, गाडी रोका."

"लोक मारतील, माधवराव."

"मग मला उतरवा."

बरंच पुढे जाऊन मी थांबलो. ते उतरले आणि भर उन्हात मागे चालत गेले. मी घरी आलो. आरशावरचा डाग ओल्या फडक्याने पुसला.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले. "नाशिककडचे मास्तर आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. मी त्यांना सांगितलं, गाडी चालवणारे येतील म्हणून." आवाजात राग नव्हता. मी "हो, येतो" म्हणालो.

तीन आठवडे ते रोज संध्याकाळी घरचा डबा घेऊन इस्पितळात गेले. सकाळी माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणत, "काल पण विचारत होते, आले नाहीत का ते." मी कधी मीटिंगचं, कधी तापाचं कारण सांगे. पुढेपुढे तर ते येताना दिसले की मी उगाच फोन कानाला लावी. मग एक दिवस त्यांनी येणं थांबवलं. मीही विचारलं नाही.

सहा महिन्यांनी मी मागून घेतलेली बदली आली. स्टेशनवर पोहोचवायला एकटे माधवराव आले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "मास्तर आता काठी घेऊन चालतात. मुलगी न्यायला आली तेव्हा मी त्यांना सांगितलं, साहेब येऊन गेले, तुम्ही झोपला होतात. झूठ बोललो. पण असं वाट बघत बघत त्यांना घरी पाठवणं जमेना मला."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, जागं करायचं होतं की मला."

मास्तरांचं नाव काय, हे विचारायचं मला गाडी सुटल्यावर सुचलं.